नानांचा खराद आणि आमचा

तीर्थरूप नाना,

तीर्थरूप हे सवयीनं लिहिलं. त्यात फार काही शोधू नका.

काल देवासच्या घरी, तुमच्याच मागच्या पडवीत, आम्ही लाकूड कातायचं छोटं लेथ मशीन बसवलं. तुमच्या भाषेत खराद. म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर ओरडला असतात, "बायकांचं काम आहे का हे?" ओरडा आता!

तुमचा खराद आठवतो? भंगारातली मोटर, उघडा पट्टा, आणि बटण कुठे, तर पाठीमागच्या भिंतीवर! लाकूड ज्या दोन टोकांमध्ये फिरतं, त्यातलं मागचं टोक ढिलं होतं. एक स्क्रू बसवला असतात तर भागलं असतं. तुम्ही आईला हाक मारलीत. "इकडे ये. हे दाबून धर."

तिनं धरलं. पदर पट्ट्यात गेला, पाठोपाठ हात. तुम्ही भिंतीपर्यंत पोचलात तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांना काय सांगितलंत? "हिला पदर सांभाळता येत नाही." मी शाळेच्या गणवेशात तिथंच उभी होते. म्हटलं, "नाना, तुम्हीच तर बोलावलंत तिला." सगळ्यांसमोर थोबाडीत मारलीत.

आईची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. मोहल्ल्यातल्या मुली तिच्याकडे शिवण शिकायला यायच्या, त्या यायच्या थांबल्या. शिलाई मशीन तुम्ही सोनकच्छच्या आत्याला देऊन टाकलंत. आईला विचारलंत तरी का? आणि धारला काकांकडे सगळे जमले की तुमचा ठरलेला विनोद: "आमच्या हिला पदर आवरत नाही, हात देऊन बसली!" पंगत हसायची. आई खाली मान घालून वाढत राहायची.

तुम्ही गेल्यावर आईच म्हणाली, "सुनू, तुला लाकूडकाम शिकायचं होतं ना? घे की आता."

मशीन घ्यायला गेलो तर दुकानदारानं विचारलं, "दीदी, भिया नहीं आए? चलाएगा कौन?"

"मैं. और ये मेरी माँ."

तो मशीनचा रंग दाखवत होता. मी आधी बटण शोधलं. समोरच, लाल, मोठं, कोपरानंही दाबता येईल असं. पट्ट्यावर झाकण, आणि ते उघडं असलं तर मोटर सुरूच होत नाही. मागचं टोक एक दांडी फिरवली की घट्ट बसतं. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. वेग कमीजास्त करता येतो. पाया बिडाचा, जड, म्हणून थरथर नाही. मोठं मशीन हवं कशाला? आम्हाला लाटणी, मुठी, खेळणी करायचीत. इतकं साधं होतं हो, नाना!

काल आई माझा कुर्ता घालून, केस घट्ट बांधून, जाड चष्मा चढवून उभी राहिली. तिला साडीशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं! वाकड्या बोटांनी पटाशी धरली, थोडी बिचकली, मग लाकडाला लावली. भुसा उडाला. चौकोनी तुकडा हळूहळू गोल झाला. तिनं स्वतः बटण दाबून मशीन थांबवलं आणि मागच्या टोकाकडे बघत राहिली.

"हे आपलं आपणच धरतं?"

"हो."

"मग मला कशाला धरायला लावलं गं?"

आहे उत्तर तुमच्याकडे?

पुढच्या महिन्यात धारला तुमचं वर्षश्राद्ध. काका तो विनोद काढणारच. मी आईला म्हटलं, या वेळी खरं काय झालं ते मी सांगणार. ती भुसा झाडत म्हणाली, "तू नको. हात माझा आहे. मी सांगते."

तेव्हा नाना, शब्द देते. तुमच्या फोटोला नमस्कार करीन, पानंही वाढीन. मग आई बोलेल, आणि ती बोलत असताना एकालाही हसू देणार नाही.

सुनंदा