नुसती ट्यूब पाठवू नये

मी, मुक्ताबाई भ्रतार रामकिसन सुरवसे, वय अंदाजे साठ, धंदा पंक्चर दुरुस्ती, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. दबाव टाकणारे होते, पण ते आता दमले आहेत. मजकूर मी सांगितला, मल्लिनाथ वकिलांनी लिहिला. मागच्या महिन्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि अजून काही वर्षे हवा टिकेल असे सांगितले. तरी घाईत वाटण्या करण्यापेक्षा आता सवडीने केलेल्या बऱ्या, म्हणून हा खटाटोप.

कलम १. हैद्राबाद रस्त्यावरचे पत्र्याचे दुकान आणि त्याखालची जागा माझ्या पतीने घेतली होती. ते वारल्यावर ती माझ्या नावावर झाली. माझ्या पश्चात ती माझी एकुलती मुलगी हरणाबाई हिची. मला मुलगा नाही, म्हणून दुकान भावकीत जाईल असे माझे दीर तात्याराव चारचौघांत सांगत आले आहेत. हरणाबाई मुरुमच्या सासरहून परत आली तेव्हा मी तिला दुकानातच बसवले. आज ट्रकचे ड्रायव्हर माझ्याआधी तिला हाक मारतात. मला त्याचा रागही येतो आणि बरेही वाटते.

कलम २. टायर उचकटायची टामी, रबर घासायची कानस, पायपंप, भोकावर रबराची पत्ती चिकटवायचा दाब आणि इतर सर्व हत्यारे हरणाबाईची. ट्रकचा टायर फुटला तर कोणालाही दिसतो. रात्रभर हळूहळू हवा सोडणारे चाक मात्र माणसाला वेडे करते. त्यासाठी तिला माझी ताकीद अशी: आधी वॉल्व्हला थुंकी लावून बघावी. मग ट्यूब पाण्यात धरावी आणि बुडबुडा येईपर्यंत घाई करू नये. भोक सापडले, पत्ती लागली, तरी टायरच्या आतून हात फिरवल्याशिवाय ट्यूब परत घालू नये. कोणी नुसती ट्यूब पाठवली तर ती परत पाठवावी.

कलम ३. ट्यूब बुडवायची लोखंडी काहील मुलीची, पण विकायची नाही. कारण सांगते. दुष्काळात सोसायटीच्या ट्रॅक्टरमागे पाण्याची टाकी लावून गावाला पाणी यायचे. ट्रॅक्टरवर तात्याराव होते. ट्रॅक्टरचे पुढचे चाक रोज सकाळी बसलेले असे. भावजयीच्या दुकानी येऊन बसायचे त्यांना कमीपणाचे वाटे, म्हणून ते घरीच चाक खोलत आणि गड्याच्या डोक्यावर नुसती ट्यूब पाठवत. मी पत्ती लावून देई. दुसऱ्या दिवशी ट्यूब परत हजर. बाईच्या हाताची पत्ती टिकत नाही असे त्यांनी गावभर केले. टाकी उशिरा येई, दुकानासमोर घागरींची रांग लावून बसलेल्या बाया मला शिव्या देत, आणि त्यांचेही चुकत नव्हते.

शेवटी माझी काहीलच कोरडी पडली. ट्रकांच्या आवाजात कानाने भोक सापडेना. तेव्हा शेजारच्या धाब्याच्या रुद्रम्माने पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या आणून काहिलीत ओतला. तिचे बघून रांगेतल्या बायांनीही ओतला. घरात लेकराला द्यायला तेवढेच पाणी होते, अशा बायांनी ओतला. त्या पाण्यात मी ट्यूब फिरवली. जुन्या सगळ्या पत्त्या पक्क्या होत्या. भोक नवे होते, आणि तेही इतर पत्त्यांसारखेच वॉल्व्हपासून एका वितीवर. म्हणजे दुखणे ट्यूबचे नव्हतेच, टायरच्या आत होते. ते पाणी नंतर रुद्रम्माची म्हैस प्यायली.

मी पदर खोचून तात्यारावांच्या अंगणात गेले आणि सर्वांदेखत टायरमध्ये हात घातला. बाभळीचा काटा आतून बोटात घुसला. उपटला तेव्हा रक्त निघाले. ट्रॅक्टर त्या दिवसापासून धड चालला. तात्याराव त्यानंतर माझ्याशी बोललेच नाहीत. मला त्या काट्यापेक्षा त्यांच्या गप्प बसण्याचा त्रास जास्त झाला, हे इथे लिहून ठेवते.

कलम ४. माझी म्हैस व तिची पारडी रुद्रम्माच्या गोठ्यात, तिच्या चाऱ्यावर वाढल्या आहेत, त्या हरणाबाईच्या. दूध आजवर निम्मे निम्मे घेतले, पुढेही हरणाबाईने तसेच घ्यावे; रुद्रम्माचे निम्मे हे सांभाळण्याचे मोल आहे, वाटणी नव्हे. माझी लुगडी गरजूंना द्यावीत. हिरवे मात्र कोणाला देऊ नये, ते शेवटच्या वेळी मला नेसवावे.

कलम ५. माझ्या पतीचे मनगटी घड्याळ त्यांचे धाकटे भाऊ तात्याराव यांना. सोबत तपकिरीच्या डबीत जपलेला तो बाभळीचा काटाही त्यांनाच.

दुरुस्ती. मागाहून कटकट नको म्हणून वरील मजकूर आज तात्यारावांना बोलावून दुकानातच मोठ्याने वाचून दाखवला. दुकानाच्या कलमाला ते खाली बघत होते. हरणाबाईच्या हातातली कानस थांबली होती. एक साक्षीदार ऐनवेळी आला नाही. वकील म्हणाले, दुसरा शोधावा लागेल, आणि ज्याला काही मिळते त्याची साक्ष नको.

तात्याराव उठले. म्हणाले, "वैनी, वरून माझं नाव खोडा. सही म्या करतो."

मी म्हणाले, भावजी, घड्याळ तुमच्या भावाचे आहे.

ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पोरीकडं. त्या दुष्काळात म्या चाकच घिऊन यायला पायजे व्हतं."

म्हणून कलम ५ रद्द. घड्याळ हरणाबाईला. काट्याला मालमत्ता म्हणता येत नाही असे वकिलांचे मत पडल्याने डबी ते खिशात घालून घेऊन गेले. मला आज रात्री झोप लागेल.

ठिकाण: नळदुर्ग. दिनांक: ११ फेब्रुवारी १९८३.

लिहून देणार: मुक्ताबाई भ्र. रामकिसन सुरवसे (सही)

आम्हा दोघांसमक्ष मुक्ताबाईंनी वाचून घेऊन सही केली. नाते ज्याचे त्याने सांगितले, तसेच लिहिले आहे.

साक्षीदार १: रुद्रम्मा, धाबा चालवणारी (अंगठा). नाते: शेजारीण.

साक्षीदार २: तात्याराव सुरवसे (सही). नाते: दुकानाच्या मालकिणीचा चुलता.