सातव्या भागापर्यंत

प्रिय बाबा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरेना. म्हणून नुसतं प्रिय. तेही दात-ओठ खातच लिहिलंय, पण खोटं नाही, म्हणून राहू देते. फोन केला असता, तर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही "कळलं" म्हणाला असतात आणि माझं बोलणं तिथेच संपलं असतं. जन्मभर तसंच संपत आलंय. कागदाला निदान मधेच तोडता येत नाही. पहिलं पान वाचून घडी घालून ठेवाल, ही भीती आहेच. ठेवू नका. या वेळी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझी मालिका आली त्या संध्याकाळी मी मुद्दाम तुमच्याकडे येऊन राहिले होते. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुमचे जावई म्हणाले होते, जाऊ नकोस, डोक्याला ताप करून घेशील. तरी आले. तुमचा चहा केला, तुमच्या खुर्चीमागे उशी लावली, माझं नाव पडद्यावर आलं तेव्हा तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा पुसत होता. मग पहिला भाग सुरू झाला. एक बाई नवऱ्याचा डबा भरते, त्याचा कामाचा शर्ट इस्त्री करते, तो गेल्यावर खिडकीशी उभी राहते. एवढं झालं आणि तुम्ही रिमोट उचललात. "कळलं. यात काही घडतच नाही." लगेच बातम्या लागल्या. माझा चहासुद्धा संपला नव्हता, बाबा. दोन वर्षं मी ती मालिका लिहीत होते. वाहिनीच्या लोकांशी भांडले, दिग्दर्शकाशी अबोला धरला, लेक तापाने फणफणलेली असताना तिच्या उशाशी बसून संवाद बदलले. आणि तुम्ही मला हवामानाचा अंदाज दाखवलात. मी उठून कप विसळले.

आता तुम्ही म्हणाल, न आवडलेलं पाहण्याची काय सक्ती आहे? अजिबात नाही. मी स्वतः कितीतरी मालिका अर्ध्यात सोडते. आमच्या वाहिनीचा साहेब म्हणतो, प्रेक्षकाला पहिल्या भागात पकडलं नाही, तर तो गेलाच. जावई तीन भाग देतात. मी पूर्वी चार म्हणायचे, आता म्हणते की ते ज्याच्या-त्याच्यावर आहे. कंटाळा आला तर बंद करावं, ज्याला जे बघायचं ते त्याने बघावं. पण बंद करणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं. तुम्ही नुसती बंद केली नाहीत. मामाच्या साठीला सगळा गोतावळा जमलेला असताना मावशीने कौतुकाने विचारलं, तर म्हणालात, "पाहिली की. पाणचट आहे. हिला लिहिण्याचं अंग नाही." पाहिली? कधी पाहिलीत? एका शर्टाची इस्त्री पाहिलीत तुम्ही! मावशीने मग बघितलीच नाही. मला म्हणाली, अगं, तुझे बाबा म्हणजे पारखी माणूस.

पारखी. हा शब्द ऐकतच मी मोठी झाले. कारखान्यात तुमच्यासमोरून बाटल्या जायच्या, मागे पांढरा दिवा, आणि तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली बाटली तुमचा हात न चुकता उचलायचा. शाळेच्या सहलीत मी ते पाहिलंय. वर्गातल्या मुली तोंडात बोटं घालून बघत होत्या आणि माझी छाती अभिमानाने फुगली होती. उचललेली बाटली मागच्या पेटीत फुटायची, तो आवाज अजून कानात आहे. ती नजर कारखान्यात ठेवून घरी आला असतात, तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तुम्ही ती जेवायच्या टेबलावर आणलीत. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं, सामान उतरायच्या आत तुमचा निकाल तयार. जावई पहिल्यांदा घरी आले, बूट काढता काढता त्यांचा निकाल लागला. (चुकलात. वीस वर्षं झाली, माणूस सोन्यासारखा आहे.) बाटली पट्ट्यावरून पुढे गेल्यावर बदलत नाही हो. माणसं बदलतात, शिकतात. तेवढं तुमच्या दिव्याला दिसत नाही.

ती करडी जुनी गाडी घेतलीत तेव्हाचं सांगते. तुम्हाला आठवत नसेल, मला तर सीटचा वाससुद्धा आठवतो. सुट्टीच्या दिवशी कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात आईला म्हणालात, "बस, शिकवतो." आईने त्या दिवशी केस घट्ट बांधले होते, चपला सोडून पायांत बूट घातले होते. मी मागे बसले होते. तिने क्लच सोडला, गाडी उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तुम्ही म्हणालात, "कळलं. उतर. हे तुझ्या हातात नाही." एवढंच. ओरडला नाहीत, हात उगारला नाहीत. लोक त्याला चांगला नवरा म्हणतात. आई उतरली, पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि घरी येईपर्यंत तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात.

तुम्ही जो पहिला भाग बंद केलात ना, ते घर आपलं होतं. खिडकीशी उभी असलेली बाई कोण होती, हे तुम्ही ओळखलं नाहीत. जेवायचं टेबल आपल्यासारखंच हवं म्हणून मी कलादिग्दर्शकाला आपल्या जेवायच्या खोलीचा फोटो दिला होता. दुसऱ्या भागात तो नवरा "कळलं" म्हणतो, अगदी तुमच्यासारखी मान झटकून. त्या नटाला मी आठवडाभर शिकवलं. काही घडत नाही म्हणालात! त्या घरात काही घडू दिलं जात नव्हतं, तेच तर लिहिलं होतं मी.

एवढं सगळं मी गिळलं असतं. पुष्कळ गिळलंय. पण मागच्या खेपेला तुम्ही आमच्याकडे आलात आणि नातीच्या खोलीच्या दारात उभे राहिलात. ती गिटार शिकायला लागून महिना झाला होता. बोटांना फोड आले होते तिच्या, आणि ते फोड ती मैत्रिणींना मिरवून दाखवायची. तुम्ही एक गाणंही पुरतं ऐकलं नाहीत. म्हणालात, "हिच्या बोटांत ते नाही." मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येईपर्यंत तुम्ही वर्तमानपत्र उघडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गिटार कपाटामागे. मी रागावले, समजावलं, लालूच दाखवली. तर कार्टी शांतपणे म्हणते कशी, "आजोबांना लगेच कळतं ना, आई. मग कशाला उगाच वेळ घालवायचा?" रडत असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडत नव्हती. तिला पटलं होतं. त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलं आहे, ते अजून निवलेलं नाही.

म्हणून आता सातव्या भागात काय आहे, ते सांगते. खरं तर मी सांगायचं नव्हतं.

त्या बाईला नवऱ्याने गाडीतून उतरवल्यावर तळमजल्यावरची शेजारीण तिला गाडी शिकवते. आपल्या तळमजल्यावरच्या नर्सबाई. तुम्ही कारखान्याच्या बसने गेलात की आई खुंटीवरची किल्ली काढायची आणि दोघी मैदानात जायच्या. कितीदा गाडी बंद पडली, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. नर्सबाईंना घाई नव्हती. परवान्याच्या परीक्षेत आई एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. परवाना नर्सबाईंकडेच ठेवला होता. मग दुपारच्या पाळीला आई त्यांना इस्पितळात सोडायला लागली. येताना गाडी होती तिथेच, होती तश्शी उभी करायची, वर कापड घालायची. केसाएवढा तडा ओळखणारे तुम्ही, तुम्हाला कधी पत्ता लागला नाही. इस्पितळाच्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा आईला पाठ झाला होता.

आणि मग ती दुपार, तुम्ही न्हाणीघराच्या दारात कोसळलात ती. घामाने निथळत होता, डावा हात धरून बसला होता. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. नर्सबाई मागच्या सीटवर बसल्या, तुमचं डोकं मांडीवर घेऊन, नाडी धरून. नर्स दुसरीकडे कुठे बसणार? मी पुढे होते. आणि गाडी आई चालवत होती. मी तिचे हात पाहिले आहेत. घरातली वाटी पडली तरी दचकणारी माझी आई, त्या दिवशी तिचा हात एकदाही थरथरला नाही. तोंडाने नर्सबाईंना विचारत होती, "श्वास आहे ना?" आणि गिअर बदलत होती. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. शुद्धीवर आल्यावर तुम्ही विचारलंत, कोणी आणलं? आई म्हणाली, "नर्सबाई होत्या म्हणून बरं." बाकी सगळं तुम्हीच ठरवलंत. तिने खोटं सांगितलं नाही, तुम्ही पुढे ऐकलं नाहीत.

त्यानंतर दरवर्षी नर्सबाईंना फुलं. दर पाहुण्याला तीच कहाणी. "काय गाडी चालवते बाई! पोटातलं पाणी हलू दिलं नाही." आणि मग आईकडे बोट दाखवून, "नाहीतर ही! पहिल्या वळणालाच मला वर पोचवलं असतं." सगळे हसायचे. आई चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. नर्सबाई मान खाली घालायच्या, त्यांना आईने शपथ घातली होती. मी एकदा न राहवून तोंड उघडलं, तर आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. आत स्वयंपाकघरात म्हणाली, "आत्ता सांगितलं तर ते चार लोकांत लाजतील." तुमची लाज सांभाळत होती ती. तिची कोण सांभाळत होतं?

सातव्या भागाची संहिता मी तिला आजारपणात वाचून दाखवली. मधे दोनदा थांबवून तिने गिअरची चूक सुधारली. शेवटी खूप हसली, धाप लागेपर्यंत. म्हणाली, "त्यांना तू सांगू नकोस हं. बघू देत. बसले सातव्यापर्यंत तर कळेल, नाही बसले तर नाही." तुमचा चेहरा बघायचा होता तिला. तेवढं तिच्या नशिबात नव्हतं, म्हणून तिच्या वाटचा तो चेहरा बघायला मी तुमच्याकडे आले होते. आणि तुम्ही बातम्या लावल्यात. आता तरी समजलं का, मी कप विसळायला का उठले?

हे सगळं आज का लिहितेय? कारण परवा तुम्ही जावयांना फोन केलात. मला नाही, त्यांना. गुडघे साथ देत नाहीत, तीन जिने होत नाहीत, आमच्याकडे येऊन राहता येईल का, असं विचारलंत. ते लगेच हो म्हणाले, तसेच आहेत ते. मी मात्र दोन दिवस घरात आदळआपट करत होते. आज माझं उत्तर देते. या. पुढची खोली रिकामी केली आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. पण हे गुपित आणि तुम्ही, दोघांना एका घरात मी सांभाळू शकले नसते. रोज तुमच्या पानात वाढताना ते माझ्या घशाशी आलं असतं. म्हणून आईचा शब्द मोडला. मालिका बघा किंवा बघू नका, आता त्याने काही अडत नाही. अट एकच आहे. माझ्या लेकीला तुम्ही काही सांगायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. ती काय करते ते ऐकायचं, संपेपर्यंत ऐकायचं, आणि गप्प बसायचं. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरी सोय बघते. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. राग आहेच, पण शब्द मोजून लिहिलेत. आणि हे वाचून झाल्यावर लगेच फोन उचलू नका. काय बोलायचं ते पहिल्या झटक्यात सुचेल, ते बोलू नका. आईच्या खुर्चीपाशी जरा बसा. एक दिवस जाऊ दे, दोन जाऊ देत. मी वाट बघेन.

तुमचीच,
मागच्या सीटवरची