तंगडी कुणाच्या ताटात गेली

माय,

आज बुधवार. सण नाही, पाव्हणा नाही, नवस नाही, तरी घरात कोंबडी शिजली, आणि तीही जपानी. घाबरू नकोस, कोंबडी परभणीचीच होती, करायची रीत तेवढी जपानची. खिम्यात आलं, पातीचा कांदा आणि अंडं घालून हाताला चिकटेपर्यंत मळायचं, गोळे वळायचे, तव्यावर तांबूस भाजायचे आणि सोया सॉस-साखरेचा आटवलेला चकचकीत पाक वरून माखायचा. त्सुकुने म्हणतात त्याला. तुझ्या नातीनं मोबाइलवर पाहिलं आणि मला सांगितलं, "मम्मी, याला तंगडीचंच मांस लागतं. छातीचं घेतलं की गोळे कोरडे होतात." पुढचं काही न ऐकता मी पिशवी उचलली.

सहा तंगड्यांचा खिमा कर म्हटल्यावर कोंबडीवाल्यानं सुरी खाली ठेवली. "बाजी, लेग पीस का कीमा? ऐसा कोई करता क्या?" मी म्हटलं, मी करते. हाडं काढ आणि इतका बारीक कर की तंगडीला स्वतःचीही ओळख पटू नये. या खिम्यासाठी मी चाळीस वर्षं थांबले होते, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

तुला माहीत आहे. पिंगळीच्या स्टेशनावर पाव्हणा उतरला की आपल्या अंगणातली एक कोंबडी कमी व्हायची. मी दहा वर्षांची आहे. तू अंगणात तीन दगडांच्या चुलीपाशी बसली आहेस, कारण घरातल्या चुलीवर मांस चढत नाही. कोंबडीला तंगड्या दोनच. एक पाव्हण्याची, एक आबांची. काळीज दादाचं, पंख माझा. पाठीची हाडकं तू घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मला हाडकंच गोड लागतात." त्या दिवशी तू पाण्याला गेलीस आणि मी आबांची तंगडी उभ्या उभ्या खाल्ली. हाड चुलीत टाकलं. जेवताना आबांनी रस्सा ढवळून पाहिला. "तंगडी कुठंय?" तू पदर सावरत म्हणालीस, "चव बघता बघता मीच खाल्ली." आबा पाव्हण्यादेखत ताटावरून उठले. उपाशी राहतील पण तंगडीवाचून जेवणार नाहीत, असा करारी माणूस! मग तू मला मागच्या दाराशी नेऊन उलथन्यानं मारलंस. "तंगडी बापाची असती, पोरी. ध्यानात ठेव."

ठेवलं ना. आबा आता माझ्याकडं असतात. ऐंशी उलटली, तोंडात कवळी आहे, तंगडी तुटत नाही. तरी ती त्यांच्याच ताटात पडायची. दोनदा चोखून बाजूला ठेवायचे, पण दुसऱ्या कुणाला मिळाली नाही याचं समाधान चेहऱ्यावर मावायचं नाही. आणि वाढणारी कोण? मीच. तुझ्या नातीच्या ताटात पंख टाकणारीही मीच. म्हणून आज ठरवलं, उठू देत ताटावरून. पण आज ते उठले असते, तर उद्यापासून पुन्हा तीच वाटणी माझ्याच हातानं झाली असती.

पंचवीस गोळे झाले. तुझा नातू धरून आम्ही पाच माणसं, पाच-पाच वाढले. रस्सा नाही म्हणून तुझ्या जावयाचं तोंड उतरलं, पण त्याची नोंद घ्यायला मला वेळ नव्हता. आबांनी भाकरी उचलून खाली पाहिलं.

"तंगडी कुठंय?"

चाळीस वर्षांनी तोच प्रश्न, शब्दसुद्धा तेच.

"तंगडीच हाय ती, आबा. सगळ्यांच्या ताटात."

"सगळ्यांच्या म्हंजे? पोरीच्या बी?"

"पोरीच्या बी. माझ्या बी."

"आज सगळेच पाव्हणे, आबा," तुझी नात म्हणाली. जीभ माझ्यावर गेली आहे, दोष कुणाला देणार?

आबांचा हात ताटाच्या कडेवर गेला. माझा घास हातातच राहिला. मग तो हात सरकला आणि त्यांनी एक गोळा उचलला. बराच वेळ चावला. "मऊ हाय," म्हणाले. मग पाचही संपवले.

"अजून एक वाढ."

"संपले. सगळ्यांना पाच-पाच."

"मी घरातला वडील हाव!"

"गोळ्याला ते दिसत न्हाई, आबा."

नातीच्या ताटात दोन उरले होते. आबांकडं बघत बघत तिनं ते सावकाश खाल्ले. माय, आबा उठले नाहीत! बोटं चाटत बसून राहिले. दारात हलगी लावावी असं वाटलं मला.

हात धुताना मात्र म्हणाले, "तुझ्या मायला हे काई आवडलं नसतं. तिला हाडकंच लागायची." अगदी खात्रीनं. इतकी वर्षं तुझ्या हातचं जेवलेला माणूस! उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, धार लावलेलं. पण दिलं नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही. तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या मीच तुला वाचून दाखवायचे, नको तेवढं गाळून. हे न गाळता लिहिते. तुला हाडकं आवडत नाहीत, हे मला तंगडीचं हाड चुलीत टाकतानाच कळलं होतं. पण तू हाडकं घेतलीस तरच पंख मला उरायचा. म्हणून मी कधी विचारलं नाही.