टाकी ओट्यावर, मी पाण्यात

४ एप्रिल १९७१, रविवार. सकाळी.
निश्चय झाला. पाणबुड्याची विद्या शिकायची. वय सेहेचाळीस, पण अडचण नाही. घड्याळदुरुस्ती तरी मला कोणी शिकवली होती? उघडलेली पहिली दोन घड्याळं कायमची गेली हे खरं. तिसऱ्यापासून मात्र फैजपुरात मला तोड नाही.

कारण: धाकटा भाऊ सुकदेव याची मळ्यातली विहीर. केळी घडावर आली आहे आणि पाणी रोज उतरतंय. आडवं बोअर मारावं तर झरा कुठल्या अंगाला आहे ते ठाऊक नाही. एक पाणाड्या हातावर नारळ घेऊन फिरला, पूर्व म्हणाला. दुसरा पश्चिम म्हणाला. बोअर एकदाच मारायचं आहे, चुकलं तर केळी गेली. मी म्हटलं, आत उतरून डोळ्यांनीच बघून येतो. सुकदेव म्हणाला, "नाना, पण तुमाले पोहता येतं का?" पोहणारे वरच राहतात. आपल्याला खाली जायचं आहे. त्याला पटलं.

७ एप्रिल.
जळगावला रद्दीत बोटीवरच्या पाणबुड्यांचं इंग्रजी पुस्तक मिळालं. तीन रात्रींत डिक्शनरीसकट संपवलं. किती खोल, किती वेळ, वर येताना कुठे किती थांबायचं, याचं त्यात टेबल आहे. पहिली ओळ चाळीस फुटांची, आणि तीत थांबायला सांगितलेलंच नाही. सुकदेवच्या विहिरीत सध्या पंचवीस फूट पाणी असेल. पण थांबायचंच नाही तर टेबल कशाला? म्हणून स्वतःचा नियम केला: वर येताना दहा फुटांवर तीन मिनिटं थांबा. अपवाद नाही.

पुस्तकातले लोक टाकी पाठीवर बांधतात. हकनाक ओझं. माझी टाकी ओट्यावर, मी पाण्यात, मधे रबरी नळी. हा ओटा विहिरीच्या आतच आहे, पाण्यापासून चार हात वर, खडकात कोरलेला. त्याच्यावर सुकदेवचं डिझेल इंजिन बसतं. वर ठेवलं तर पाणी ओढत नाही, म्हणून इकडे सगळेच आत ठेवतात.

१० एप्रिल.
भिकन पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर आणला. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरेल, हवा टाकीत जाईल. ओट्यावर जागा कमी, म्हणून सायलेन्सरला लागूनच बसवला. सुटसुटीत दिसतं. भिकनने विचारलं, नाना, कोणाच्या चाकात हवा भरता? माझ्या, म्हणालो. बराच वेळ हसत होता.

११ एप्रिल, रविवार. बुडी क्र. १.
प्लॅन: तळापर्यंत, वीस मिनिटं.
प्रत्यक्ष: छातीपर्यंत.
शेरा: पाणी अपेक्षेपेक्षा थंड. नळीतून हवा उत्तम येते, किंचित डिझेलचा वास. यंत्र म्हटलं की वास आलाच. सुकदेवचं काम दुहेरी: एका हातात माझ्या कमरेचा दोर, नजर टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्यावर. दोन्ही ओट्यावरूनच होतं. घरी आल्यावर डोकं दुखलं. कारण: सकाळचं भरीत. आमच्या सौ. प्रमिलाने तेल जास्त घातलं होतं.

१५ एप्रिल.
घड्याळ पाण्यात न्यायचं तर डबी हवी. सुपारीच्या डबीला भिंग बसवून सांध्यांत मेण भरलं. बादलीत तासभर ठेवलं. थेंब नाही. अशी डबी मुंबईतही मिळणार नाही.

१८ एप्रिल. बुडी क्र. २.
प्लॅन: तळ.
प्रत्यक्ष: डोकं पाण्यात, बाकीचा मी वर. शरीर बुडतच नाही. दोष शरीराचा नाही, वजनाचा. संध्याकाळी कांतीलाल शेठच्या किराणा दुकानातून पाच-पाच किलोची दोन मापं मागून आणली. शेठ म्हणाले, नाना, तुम्ही वर नाही आले तरी चालेल, मापं मात्र पाठवून द्या. दुकानातली माणसं हसली. अडाणी माणसांना प्रयोगाचं गांभीर्य नसतं.

सुकदेवही आज डोकं दुखतं म्हणाला. मला भरताची शंका होती ती पक्की झाली. त्यांच्याकडेही भरीतच होतं.

विहिरीतले पारवे गेले. वर्षानुवर्षं कपारीत होते. घाण तरी बंद झाली.

२५ एप्रिल. बुडी क्र. ३.
प्लॅन: तळ, पाच मिनिटं.
प्रत्यक्ष: बारा फूट. फार वेगाने. मापं चोख आहेत. डाव्या कानात सुई घुसल्यासारखं झालं, दोर ओढला. सुकदेवने वर घ्यायला वेळ लावला. विचारलं तर म्हणे, "हातात जोर नव्हता, नाना." मग ओट्यावरच उलटी केली. त्याचं पित्त लहानपणापासूनचं. आईसुद्धा म्हणायची.

एक पारवा परत आला होता. पाण्यावर तरंगताना सापडला. म्हातारा असावा.

सुकदेव म्हणाला, मी वर काठावर बसतो ना, दोर तिथूनही धरता येईल. म्हटलं, आणि काटा? काटा काय वरून दिसणार? समजावून सांगितलं की ऐकतो, हा त्याचा गुण.

घरी प्रमिला म्हणाली, तोंड लालबुंद दिसतंय. तेज आलं असेल. पुस्तकात व्यायामाचा उल्लेख आहे.

२९ एप्रिल. दुपारी.
सुकदेवची बायको यशोदा माझ्या घड्याळाच्या दुकानात आली. पदर ओढून उंबऱ्याशीच उभी. म्हणाली, "नाना, त्यायले वर बसू द्या. त्या दिवशी भाकरीकडे बघवलं नाही त्यांच्यानं. इंजिनाचा धूर हाये तिथी."
शांतपणे समजावलं. धूर गरम. गरम ते हलकं. हलकं ते वर जातं. चुलीवर बघ. म्हणजे उलट काठावर बसणाऱ्यालाच धूर लागेल, ओट्यावर हवा स्वच्छ. "तुमी मोठे. तुमी म्हणाल ते," म्हणाली आणि गेली. बायकांना शास्त्र सोपं करून सांगितलं तर पटतं.

२ मे, रविवार. संध्याकाळी. जळगाव, दवाखान्याचा व्हरांडा.
नोंद वेळच्या वेळी करायची, म्हणून करतो.
बुडी क्र. ४.
प्लॅन: तळ, दोन मिनिटं, थांबा तीन मिनिटं.
प्रत्यक्ष: तळ. होय, तळ. पाय गाळात टेकले. हात लावून भिंत चाचपली. एका जागी थंडगार पाण्याची धार बोटांना लागली. झरा! पाण्याखाली इतका आनंद मला कधी झाला नव्हता. हसू आवरेना. केळीला पाणी द्यायचं होतं म्हणून इंजिन चालूच ठेवायला सांगितलं होतं. त्याची धडधड खालीही ऐकू येत होती.

वर निघालो. दहा फुटांवर नियमाप्रमाणे थांबलो. दोर सैल पडला होता. दोनदा ओढला, पलीकडून उत्तर नाही. वाटलं, बिडी पेटवत असेल. वर गेल्यावर बोलायचं ठरवलं. डबीत पाणी शिरून घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून मनात एकशेऐंशी आकडे मोजले. मधे चूक झाल्यासारखी वाटली. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

शेरा: वर आलो तेव्हा सुकदेव ओट्यावर पालथा. तोंड काट्याकडे. हाक मारली. हलवला. इंजिनच्या आवाजात माझंच मला ऐकू येईना. इंजिन बंद केलं. मग ओरडलो. पाटाचं पाणी थांबलं म्हणून यशोदा बघायला आली, तिने माणसं जमवली. चिंधाने बाज दोरांनी आत सोडली. चिंधा शेजारच्या मळ्यातला.
झऱ्याची दिशा नोंदवायची राहिली. आठवत नाही.

३ मे.
शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, इंजिनच्या धुरातला वायू, रक्तात भिनलाय. मी चुलीचं उदाहरण दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही किती वेळ होता तिथे? मी पाण्यात होतो, म्हणालो. आणखी थोडा वेळ गेला असता तर हाताला लागला नसता, म्हणाले. किती थोडा, हे मी विचारलं नाही.
यशोदा बाकावर बसून आहे. माझ्याशी नीट बोलते. चहा घेतला का, नाना, असंही विचारते.

६ मे.
सकाळी सुकदेवने डोळे उघडले. हात कापतात. मला ओळखलं. म्हणाला, "नाना, काट्याकडेच बघत होतो. मधीच डोळा लागला. रागावू नका." डॉक्टर म्हणतात, जीव वाचला. हात कधी थांबतील ते सांगता येत नाही.
मी म्हटलं, रागावलो नाही.

८ मे.
विचार केला. जे झालं ते झालं, पण त्यातून मोठी गोष्ट हाती लागली आहे. ओट्यावर इंजिन असलेल्या या भागात विहिरी कितीतरी. प्रत्येक विहिरीत हाच धोका, आणि लोकांना पत्ता नाही! शोध माझाच म्हणावा लागेल. उद्यापासून सायकलवरून मळोमळी फिरायचं, प्रत्येकाला समजावायचं. मुद्दे काढले. सुरुवात चिंधापासून.

९ मे, रविवार.
चिंधाच्या मळ्यात गेलो. विहिरीत इंजिन चालू होतं. चिंधा वर, लिंबाखाली, सुपारी कातरत. मी उभ्याउभ्याच सुरू केलं: धुरातला वायू, रक्त, बंद जागा. त्याने मधे तोडलं नाही. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते तर पोरासोरायलेही ठाऊक हाये, नाना. हँडल मारायचं अन् वर निघून यायचं. चालत्या इंजिनापाशी बसतं कोण?"
मी मुद्द्यांच्या कागदाची घडी केली.
"सुकदेवलेही सांगे आम्ही. रोज सांगे. तो म्हणे, मलेही ठाऊक हाये, पण नानानं बसायले लावलंय."
चिंधाने तांब्या पुढे केला. पाणी प्यायलो. पुढच्या मळ्याला गेलो नाही.