हलके भरलेले खरे नाणे

मी, मीनाक्षी शरच्चंद्र कर्णिक, वय सव्वीस, अविवाहित, रसायनशास्त्राची पदवीधर, चांदी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरीस, राहणार फणसवाडी, गिरगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतः ठरवून लिहीत आहे. लहानपणच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. येत्या सोमवारी तिच्यावर शस्त्रक्रिया आहे. धोका किती, हे मी डॉक्टरांना आकड्यात विचारून घेतले. तो आकडा इथे लिहीत नाही, कारण हे उर्मिला वाचणार आहे.

१. घर माझे नाही. भाड्याच्या खोल्या आईच्या नावावर आहेत. माझी पोस्टातली शिल्लक आणि पुस्तके धाकटी बहीण उर्मिला हिला मिळावीत. स्थळ कितीही चांगले आले तरी तिने आधी बी.एस्सी.ची परीक्षा द्यावी.

२. टांकसाळीत कधी ठसा सरकतो, कधी चकती वाकडी बसते, आणि चुकलेले नाणे नजर चुकवून बाजारात येते. अशी एकेचाळीस नाणी माझ्या पत्र्याच्या डब्यात आहेत. एका पैशावर दोन्हीकडे एकच छाप आहे, एकीकडे उठावाचा, दुसरीकडे खोलगट आणि उलटा. गेल्या वर्षी निघालेला एक नवा पैसा अर्धा कोराच आहे. ही नाणीही उर्मिलाची. तिने ती चिंच लावून घासू नयेत.

३. काळबादेवीचे नाण्यांचे व्यापारी माधवराव यांनी मला एक चांदीचा रुपया अस्सल म्हणून विकला होता. मी तो परत न्यायला गेले तेव्हा दुकानातल्या चार माणसांसमोर ते म्हणाले की मुलींनी बांगड्या पारखाव्यात. तो रुपया ओतीव आणि खोटा आहे. माझ्या चाचणीच्या कागदासह तो त्यांना पोचता करावा. देताना काही बोलू नये.

४. तराजू, वजनांची पेटी आणि भिंग प्रयोगशाळेतल्या कांताला द्यावे. वजने चिमट्यानेच उचलायची, हे तिला पुन्हा सांगावे.

५. निळ्या मखमलीच्या पिशवीत एक मोठे चांदीचे नाणे आहे. पूर्वेकडच्या व्यापारासाठी इंग्रजांनी पाडलेला हा डॉलर. एका बाजूला त्रिशूळ घेतलेली बाई, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी अक्षरे. हे नाणे दादरच्या श्रीमती कालिंदी मनमोहन दिघे यांचे आहे. ते माझ्याकडे का राहिले, ते लिहिते.

त्यांचा मुलगा हेरंब याच्याशी माझे लग्न ठरले होते. त्याचे वडील शिवडीच्या गोदामात कारकून होते. एका चिनी व्यापाऱ्याची हरवलेली रेशमाची गासडी त्यांनी शोधून दिली आणि त्याने खूश होऊन हे नाणे दिले, असे ते सांगत. दर लक्ष्मीपूजनाला नाणे पाटावर असे आणि ही हकीकत पुन्हा होई. वडील गेल्यावर हेरंबने ती चालू ठेवली.

१५ जानेवारी १९५६, रविवार. साखरपुड्याआधी मला द्यायला म्हणून तो नाणे घेऊन आमच्या घरी आला. मी भिंग काढले तशी त्याने थट्टा सुरू केली. "काय टांकसाळबाई, पास की नापास? तुला सगळं खोटंच दिसतं. उद्या मलाही तोलशील."

मी नाणे तोलले. २६.९५ ग्रॅम हवे, भरले २५.१४. छाप उथळ, कडेचे दाते पुसट. बनावट नाणी अशीच असतात. पाण्यात तोलायची मांडणी करायला वीस मिनिटे लागली असती. तो हसत होता, म्हणून मी ती दिली नाहीत.

मी म्हटले, "खोटं आहे. बाबांना कोणीतरी फसवलं, नाहीतर बाबांनी तुम्हाला."

दुसरे वाक्य चाचणीत कुठेच नव्हते. ते मी रागाने बोलले. हेरंबने नाणे टेबलावरच ठेवले आणि चहा न घेता गेला. बुधवारी तो प्रेसमधल्या कामावरून घरी परतताना संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरच्या गोळीबारात सापडून गेला. मोर्चात नव्हता.

बाराव्याला काकूंनीच, म्हणजे हेरंबच्या आईनेच, मला सांगितले की रविवारी घरी येऊन तो म्हणाला, "बाबा आयुष्यभर थापा मारत होते." त्यानंतर तीन दिवस तो वडिलांविषयी एक अक्षर बोलला नाही. नाणे मात्र काकूंनी कधी परत मागितले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी ते पाण्यात तोलले. २.४४ ग्रॅम घट, म्हणजे घनता १०.३. या नाण्यातली नव्वद टक्के शुद्धतेची चांदी नेमकी तेवढी भरते, बनावट धातू त्याच्या बराच खाली राहतो. भिंगाखाली काठाशी धातू ठशाच्या दाबाने सरकल्याच्या रेघा दिसल्या. ओतीव नाण्यात त्या नसतात. चकती पत्र्याच्या पातळ टोकातून कापली गेली होती, म्हणून वजन कमी आणि छाप उथळ. नाणे अस्सल आहे. ती टांकसाळीची चूक आहे, आणि अशाच चुका मी दहा वर्षे जमवीत आले. समोर आली तेव्हा मला ती ओळखता आली नाही.

कै. मनमोहन दिघे यांनी कोणाला फसवले नव्हते. हे मी दीड वर्ष कोणालाही सांगितले नाही.

६. पाचवे कलम माझ्यामागे वाचावे असे मी आधी ठरवले होते. तो भित्रेपणा होता. आज काकूंना बोलावून ते मी स्वतः वाचून दाखवले.

त्यांनी मध्येच थांबवले नाही. शेवटी म्हणाल्या, "ह्यांनी कधी थाप मारली नाही, हे मला माहीत होतं गं. हेरंबला कळायला हवं होतं."

मग त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायला लेखणी मागितली. ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष देऊ नये, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग नाणं आत्ताच दे. तुझ्यामागे कशाला?" मी दिले. नाणे आता माझ्या मालमत्तेत नाही, म्हणून पाचव्या कलमाने कोणाला काही मिळत नाही. मजकूर मात्र खोडू नये. त्यांनी मला क्षमा केली का, हे मी विचारले नाही.

गिरगाव, मुंबई. मंगळवार, ११ फेब्रुवारी १९५८.

(सही) मीनाक्षी शरच्चंद्र कर्णिक

साक्षीदार:

१. मीनाक्षी कर्णिक यांनी आम्हा दोघींच्या देखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.
(सही) डॉ. शैला गुप्ते, गिरगाव

२. सही माझ्यासमोर झाली. मजकूर मी ऐकला आहे. सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे.
(सही) कालिंदी मनमोहन दिघे, दादर