माझे लढाऊ विमान

२१ ऑगस्ट १९६६, रविवार
सूनबाई शामला हिच्या ट्रंकेतून आज एक खोका निघाला. तिचा धाकटा भाऊ बळीराम विमानदलात मेकॅनिक होता. मागील सप्टेंबरात शत्रूच्या विमानाने तळावर बॉम्ब टाकला, त्यात गेला. सामान बहिणीकडे आले. खोक्यात नॅट जातीच्या लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग आहेत, जोडून रंगवावयाचे. ट्रंक सुनेची, सून घरची, घर माझे. सबब विमान मीच बांधणार. सूनबाई म्हणाली, "मामाजी, राहू द्या ना तसंच. बळीराम सुट्टीत येऊन बनवणार होता." आता तो येणार नाही, हे तिला स्पष्ट करून सांगितले.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, गल्लीचे मंडळ देशभक्तिपर वस्तूंचे प्रदर्शन मांडणार आहे. उत्तम वस्तूच्या कर्त्यास हार. आभाराचे भाषण आजच लिहून ठेवले.

२४ ऑगस्ट
बांधणीचा कागद इंग्रजीत. सूनबाई मॅट्रिक झालेली. "वाचून सांगू का जी?" म्हणाली. आमच्या वेळची चौथी म्हणजे आजची मॅट्रिक. शिवाय सोनेगाव विमानतळाच्या फाटकावर मी अख्खी नोकरी काढली. शेजारचे मधुकरराव म्हणाले, "आनंदराव, तुमची तं विमानाकडे पाठ करून उभं राह्याची ड्यूटी होती." मत्सराला औषध नाही.
कागद शेगडीत घातला. आता मन विचलित होणार नाही.

२८ ऑगस्ट
सर्व तुकडे हाताने तोडून मोकळे केले. काही मोडले. ते जादा दिलेले असावेत. ट्यूबमधील डिंक वाळलेला. सुताराचा सरस शिजवून घेतला. सूनबाईने वासामुळे खिडकी उघडली. धूळ बसते म्हणून मी बंद केली. तिला ओकारी झाली. नाजूकपणा.

३१ ऑगस्ट
विमानाचे धड सरसाने कायमचे बंद केल्यावर खोक्याच्या तळाशी एक वैमानिक आढळला. बोटाच्या पेराएवढा, शिरस्त्राणासह. सूनबाई त्याला तळहातावर घेऊन बसली. "मामाजी, याले आत बसवा ना. बळीराम अस्साच बसे, गुडघ्यावर हात ठेवून." मी समजाविले की उभ्या विमानात वैमानिक नसतो, फाटकावरून मी स्वतः पाहिले आहे. ती रडली. भाजी करपली. दोन्हींबद्दल समज दिली.

५ सप्टेंबर, दुपार
डावा पंख झुकतो. शेगडीवर शेकून सरळ करण्याचा निश्चय.
त्याच दिवशी, थोड्या वेळाने
पंख वर वळला. विमान आकाशात वळण घेत असल्याचा भास होतो. मूळ कारखानदाराला हे सुचले नाही.

९ सप्टेंबर
पंखांवर चिकटवावयाची चिन्हे छापील होती. तिकिटाप्रमाणे जिभेने ओली केली. ती जिभेलाच चिकटली. बरेच झाले; विलायती होती. आपले तिरंगी चक्र स्वहस्ते काढीन: बाहेर हिरवे, आत पांढरे, मधोमध केशरी ठिपका. सूनबाई म्हणाली, "मामाजी, केशरी बाहीर राह्यते. बळीरामच्या रंगवलेल्या फोटोत, मागच्या विमानावर दिसते." मी म्हणालो, त्यागाचे स्थान मध्यभागी.
हिरवा ऑइलपेंट दाराचा उरलेला आहे. पांढराही आहे. केशरी मात्र आणावा लागेल. ऊन फार.

१३ सप्टेंबर
अंग पांढरे, शेपूट हिरवे, चक्रे हिरवी-पांढरी. ठिपका तेवढा बाकी. मधुकररावांनी विमान पाहिले. म्हणाले, "आनंदराव, हे पाकिस्तानचं काहून बनवून राहिले गा?" सूनबाईने चहाचा कप खाली ठेवला व विचारले, "केशरी लावता ना जी?" म्हटले, उद्या.

१४ सप्टेंबर, पोळा
पुरणपोळी जड झाली. दिवसभर झोप. ठिपका उद्या सकाळी अवश्य.

१५ सप्टेंबर, तान्हा पोळा
सकाळी दाढी केली, कोट घातला. टेबलावर विमान नाही. सूनबाईस विचारले. "बाहीर पाहा," म्हणाली.
बाहेर मारबतीची मिरवणूक. पुढे काळ्या व पिवळ्या मारबतीचे बायकी पुतळे, मागे जाळावयाचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे. आमच्या गल्लीचा बडगा यंदा शत्रूचा सेनापती. गळ्यात जोड्यांची माळ, व त्या माळेत माझे विमान. पोरे म्हणाली, "आबाजी, दुश्मनाचं विमान हुबेहूब बनवलं जी. वहिनीनं पहाटेच आणून देल्लं." मंडळाने मला हार घातला. मी भाषण काढले व पहिले वाक्य वाचले: "हे विमान आपल्या देशाची शान आहे." गर्दी माझ्यावर धावली. एक जोडा कानाला लागला. मधुकरराव मध्ये पडून म्हणाले, "जाऊ द्या गा, म्हातारा फाटकावरचा आहे, त्याले काय समजते." पोरांनी माझा हार काढून बडग्याला घातला. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सर्व जाळले. मीही म्हणालो. म्हणावे लागले.
सरस चांगला पेटतो, असे दिसून आले.

१६ सप्टेंबर
शत्रूचे विमान करून जाळावे, हा माझा मूळ हेतू होता, असे सूनबाईस सांगितले. ती भाकरी थापीत होती. म्हणाली, "माह्या भावाले मारणारं विमान मी घरात कशी ठेवू जी?" वैमानिक कोठे आहे, विचारले. बळीरामच्या फोटोच्या चौकटीत उभा होता, पुढे फूल.
म्हणाली, "बरं झालं मामाजी, तुम्ही याले आत नाही बसवलं."
प्रथमच तिने माझ्या कामाची स्तुती केली. कान अद्याप दुखतो.
रिकाम्या खोक्यात सुपारी ठेवावी, असा विचार होता. खोकाही फोटोमागे ठेवलेला आहे. मागितला नाही.