सामुद्रधुनीच्या अलीकडे

मंगळवार, ११ मार्च

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. सातवा महिना नीट चाललाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीचे पाय सुजतात, पण ऐकते कुठे? मी ओरडले की म्हणते, ‘आई, तू आपला पेपर वाच.’

पेपर मी वाचतेच. तुमचे सासरे गेल्यापासून तेवढीच सोबत आहे. वाचनालयातून नकाशांचं पुस्तकही आणलं. तुमची सामुद्रधुनी त्यात माझ्या करंगळीच्या नखाएवढीही नाही. एवढ्याशा पाण्यातून कितीतरी देशांचं तेल जायचं, आणि एक म्हणतो जहाजं अडवू, दुसरा म्हणतो आरमार पाठवू. साठा भरपूर आहे, असं मंत्री म्हणाले आणि त्याच दिवशी पंपावरची रांग वळणापर्यंत गेली. रांगेतला टेम्पोवाला म्हणाला, ‘त्यांच्या टाकीत असेल भरपूर.’

मुद्द्यावर येते. सामुद्रधुनीत शिरण्याआधी जहाजाची कंपनी प्रत्येकाची संमती मागतेय, नको असेल त्यानं उतरावं, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. वर म्हणालात, ‘मी सही करणार आहे, हिला सांगू नका.’ मी ‘बरं’ म्हटलं. पण तिच्या फोनवर तुमच्या जहाजाचा ठिपका दिसतो. काल भाजी चिरताना तिनं विचारलं, ‘आई, हा हलत का नाही?’

‘नांगर टाकला असेल.’

‘इतके दिवस? तुला काहीतरी माहीत आहे.’

मग सांगून टाकलं. रडली नाही. ‘मी त्याला उतर म्हणणार नाही. जन्मभर ऐकवेल मला,’ म्हणाली आणि चिरलेलीच भाजी पुन्हा चिरत बसली.

म्हणून मी म्हणते. उतरा. सासूनं यात पडू नये, हे मला कळतं. तुमचे सासरे तेलाच्या जहाजावरच गेले. तेव्हा युद्ध नव्हतं, कुणी शत्रू नव्हता. कंपनीचा माणूस फुलं घेऊन आला होता. बिचारा भला होता, पाणीसुद्धा संकोचून प्यायला. तसा माणूस मला या दारात पुन्हा नको.

हे लिहितेय तेव्हा शेगडीवर दूध तापतंय. तो गॅसही कुणाच्या तरी घरच्या माणसानंच जहाजातून आणला असणार.

पत्र घेऊन येणारा तुमचा नवा खानसामा आहे, आमच्या मागच्या गल्लीतला. जुना उतरला, त्याच्या जागी हा चढतोय. त्याची आई शिवणकाम करते. निरोप घ्यायला आला तेव्हा हसत म्हणाला, ‘मावशी, युद्ध असो नसो, जेवायला तर लागतंच ना?’ त्याला मी ‘जाऊ नको’ म्हटलं नाही. ‘जपून राहा’ म्हटलं. आणि तुम्हाला परत बोलावणारं पत्र त्याच्याच हातात देतेय.

पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत त्यानं वाचलं तर वाचू दे.

दोघांचीही वाट पाहणारी,
तुमची सासू